वारसा, मधुमेह आणि दृष्टिपटल

मधुमेहात साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की डोळ्याच्या मागच्या पडद्यावरील, म्हणजे दृष्टिपटलावरील, सूक्ष्म रक्तवाहिन्या पाझरू लागतात आणि पुढे तिथे नाजूक नव्या वाहिन्या फुटून रक्तस्रावाने दृष्टी जाऊ शकते. मात्र साखर सारखीच असूनही एकाचे डोळे शाबूत राहतात व दुसऱ्याचे बिघडतात, यामागे आनुवंशिकतेचाही हात असतो. २००६ साली आइसलँडमधील संशोधकांनी मधुमेहाशी जोडलेले ‘टीसीएफ७एल२’ हे जनुक पुण्यातील केईएम रुग्णालय व हैदराबादची सीसीएमबी ही संशोधन संस्था यांच्या अभ्यासात भारतीयांमध्येही महत्त्वाचे ठरले. दृष्टिपटलविकाराच्या बाबतीत चित्र अधिक धूसर आहे: तीव्र विकार काही कुटुंबांत एकवटलेला दिसतो, परंतु रक्तवाहिन्यांची वाढ घडवणाऱ्या ‘व्हीईजीएफ’ या प्रथिनाच्या जनुकाविषयीचे निष्कर्ष समाजागणिक बदलतात. म्हणूनच जनुकतपासणीपेक्षा बाहुली रुंदावून केलेली वार्षिक नेत्रतपासणी आज कितीतरी मोलाची आहे, आणि घोड नदीवरील डिंभे धरणाच्या डोंगराळ परिसरातील रुग्णालाही, विशेषतः आईवडिलांपैकी कोणाची नजर मधुमेहाने गेली असल्यास, ही तपासणी नजर स्पष्ट असतानाच मिळायला हवी, कारण सुरुवातीचा बिघाड रुग्णाला जाणवतच नाही.