मारामारी महाग हवी

व्हिडिओ गेम म्हणजे धडाधड गोळीबार, ही न खेळणाऱ्यांची समजूत अगदीच खोटी नाही. पण त्याच घराण्यात एक उलट्या चालीचा प्रकार आहे. नायकाच्या हातात शस्त्र असतं, चार पावलांवर पहारेकरी असतो आणि तरीही शहाणपण असतं ते भिंतीला चिकटून त्याला निमूट पुढे जाऊ देण्यात. या प्रकाराला ‘स्टेल्थ’ म्हणतात. 1981 सालच्या ‘कॅसल वुल्फेन्स्टाइन’मध्ये नाझींच्या किल्ल्यातला कैदी मोजक्या गोळ्या आणि चोरलेला गणवेश यांच्या जोरावर निसटायचा. 1987मध्ये जपानच्या हिदेओ कोजिमाला युद्धाचा गेम करायचा होता, पण एमएसएक्स-2 या संगणकाला पडद्यावर एका वेळी फारसे सैनिक आणि गोळ्या पेलवत नव्हत्या. मग लढण्याऐवजी लपण्याचाच खेळ करू, असं त्याने ठरवलं आणि ‘मेटल गिअर’ जन्माला आला. आज यंत्रांना ती अडचण उरलेली नाही. बहुतेक मोठ्या ॲक्शन गेममध्ये आता लपताही येतं आणि लढताही येतं. नेमकं इथेच बिनसतं. लढाई स्वस्त असेल, तर लपणं ही नुसती हौस उरते. माझ्या मते लढाईला मनाई नसावी, पण ती महाग असावी, आणि ती किंमत खेळाच्या नियमांतूनच वसूल व्हावी.

ही किंमत म्हणजे काय, ते ‘लुकिंग ग्लास’ कंपनीच्या 1998 सालच्या ‘थीफ’मध्ये स्वच्छ दिसतं. त्यातला गॅरेट हा पोटासाठी चोऱ्या करणारा माणूस. तलवार त्याच्याकडे आहे, पण एका पहारेकऱ्याशी झुंजतानाच त्याची दमछाक होते. दोघे आले की पळालेलं बरं. पडद्याच्या तळाशी एक रत्न असतं. आपण उजेडात आलो की ते उजळतं, अंधारात विझतं. गालिच्यावर पाऊल वाजत नाही, फरशीवर आणि लोखंडी पत्र्यावर खणखणतं. पाण्याच्या बाणाने मशाल विझवायची, शेवाळाच्या बाणाने फरशी मऊ करून घ्यायची. ज्या खोलीतून बंदूकवाला नायक दोन सेकंदांत पार झाला असता, त्या खोलीकडे गॅरेटला टक लावून पाहावं लागतं: दिवा कुठे आहे, जमीन कसली आहे, शिपाई किती वेळाने वळतो. त्या खोलीचा कोपरा न् कोपरा अर्थपूर्ण होतो, तो निव्वळ गॅरेट दुबळा आहे म्हणून. त्याला धट्टाकट्टा केला, की तीच खोली नुसती पार्श्वभूमी होऊन बसते.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की हे पहारेकरी ठार मूर्ख असतात. शेजारचा सहकारी गायब झाला तरी मिनिटभर शोधतात, ‘उंदीर असेल’ असं मोठ्याने पुटपुटतात आणि परत आपल्या फेरीला लागतात. खरा माणूस असं वागणार नाही, हे कबूल. पण हे मोठ्याने पुटपुटणं मुद्दाम ठेवलेलं असतं. लपंडावात ज्याच्यावर राज्य असतं तो आकडे ओरडून मोजतो, म्हणून लपणाऱ्याला कळतं की आपल्या हाती किती वेळ आहे. मनातल्या मनात मोजायला लागला, तर खेळात राम उरणार नाही. पहारेकऱ्याला काय दिसलं, काय ऐकू आलं, त्याचा संशय कुठवर पोचला, हे खेळणाऱ्याला समजलं तरच त्याला डाव आखता येतो. 2012 सालच्या ‘मार्क ऑफ द निंजा’ने तर आवाजाची वर्तुळंच पडद्यावर काढून दाखवली. हा आवाज कुणाच्या कानावर जाईल आणि कुणाच्या नाही, ते वर्तुळ बघून कळतं. वास्तवाशी याचा संबंध नाही, पण खेळ यामुळे सोपाही होत नाही. पकडले गेलो तर दोष आपलाच, एवढं मात्र पक्कं होतं. हुशार शत्रूपेक्षा वाचता येणारा शत्रू बरा.

आता किंमत लावायची कशी? सर्वांत आळशी रीत म्हणजे दिसलात की खेळ खलास. 2002 सालच्या ‘स्प्लिंटर सेल’मध्ये बऱ्याच मोहिमांत तीनदा धोक्याची घंटा वाजली, की मोहीमच रद्द व्हायची. याला किंमत म्हणता येत नाही, ही मनाईच झाली. फसलेल्या डावातून वाट काढण्यात जी गंमत असते, ती यात मारली जाते. याच मालिकेच्या 2005 सालच्या ‘केऑस थिअरी’ने ही चूक सुधारली. तिथे घंटा वाजली तर मोहीम चालूच राहते, मात्र शिपाई चिलखतं आणि हेल्मेटं चढवून येतात. दहा वर्षांनी, ‘मेटल गिअर सॉलिड 5’मध्ये हाच विचार आणखी पुढे गेला. तुम्ही सतत डोक्यात गोळ्या घालत असाल, तर पुढच्या मोहिमांत शत्रूचे सैनिक हेल्मेट घालून उभे असतात. रात्रीच छापे घालत असाल, तर त्यांना अंधारात दिसणारे चष्मे मिळतात. आपली माणसं पाठवून शत्रूचा हेल्मेटांचा साठा उडवून देता येतो, पण तोही एक खर्चच. इथे खेळणाऱ्याला कुणी दटावत नाही. त्याची सवयच त्याच्यावर उलटते, आणि तो आपणहोऊन नवा मार्ग शोधतो.

दटावण्याची रीत बघायची असेल, तर 2012 सालचा ‘डिसऑनर्ड’ बघावा. एरवी हा देखणा आणि कल्पक गेम. डनवॉल नावाचं प्लेगने पोखरलेलं शहर, क्षणात या गच्चीवरून त्या गच्चीवर जाण्याची जादू, वेळ थांबवण्याची विद्या. पण यातली बहुतेक मजेदार हत्यारं आणि मंत्र माणसं मारण्यासाठीच आहेत. न मारता काम भागवायचं, तर गळा आवळून बेशुद्ध करणं आणि झोपेचे बाण यांवरच मुख्यतः भिस्त. भरपूर माणसं मारली की शहरात उंदीर आणि रोगी वाढतात, शेवट काळवंडतो, आणि आपल्याला होडीतून नेणारा सॅम्युअलसुद्धा अखेरीस तोंडावर नापसंती सुनावून निघून जातो. म्हणजे आधी पंचपक्वान्नं वाढायची आणि जेवणाऱ्याला अधाशी म्हणायचं! शिवाय यातलं पुण्यही संशयास्पद आहे. सावज असलेल्या खाणमालक पेंडलटन बंधूंना न मारता दूर करायचं, तर त्यांच्या जिभा कापवून त्यांना त्यांच्याच खाणीत गुलामीला धाडायचं. हे हिशेबात दयेच्या खात्यावर जमा होतं. उंदीर वाढणं हा नियमातून आलेला परिणाम आहे, आणि तेवढा भाग मला पटतो. खटकतं ते खेळणाऱ्याच्या हातात तलवार देऊन वर तिच्याबद्दल त्याला शरम वाटायला लावणं.

दुसरा आक्षेप स्वातंत्र्याचा. ज्याला लपायचंय त्याने लपावं, ज्याला लढायचंय त्याने लढावं. इतरांची वाट महाग करण्याचा हट्ट कशाला? वाजवी वाटतं, पण अनुभव वेगळा सांगतो. 2011 सालच्या ‘डेअस एक्स: ह्यूमन रिव्होल्यूशन’ने दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या आणि मग मध्येच बॉसशी, म्हणजे बड्या शत्रूंशी, सक्तीच्या झुंजी घातल्या. या झुंजी बाहेरच्या एका कंपनीकडून करवून घेतल्या होत्या. आपली सगळी शक्ती लपण्यात आणि कुलपं उघडण्यात गुंतवलेला खेळाडू तिथे निःशस्त्र उभा राहिला. ओरड एवढी झाली, की 2013च्या सुधारित आवृत्तीत त्या झुंजींना दुसऱ्या वाटा काढून द्याव्या लागल्या. उलट टोक 2010च्या ‘स्प्लिंटर सेल: कन्व्हिक्शन’चं. त्यात शत्रूंवर खुणा करून ठेवायच्या आणि एका बटणासरशी सगळे गारद. तिथेही अंधार आहे, लपताही येतं. पण इतकं सोपं बटण हाताशी असताना अंधारात कोण ताटकळेल? स्वातंत्र्य खरं असायला दोन्ही वाटांवर काहीतरी पणाला लागलं पाहिजे.

तिसरा आक्षेप अधिक अडचणीचा आहे. चूक झाली की जुना सेव्ह, म्हणजे आधी साठवून ठेवलेला टप्पा, उघडायचा, ही सोय असेल तर कसली आली किंमत? हे खरं आहे, आणि कित्येक खेळाडू पाच-पाच पावलांवर सेव्ह करत सगळा गेम पार करतात. यावर भाडोत्री मारेकऱ्याच्या ‘हिटमॅन’ मालिकेने काढलेला तोडगा मला सर्वांत समंजस वाटतो. सोप्या पातळीवर हवे तेवढे सेव्ह, सर्वांत कठीण पातळीवर मोहिमेत एकच. लढाई इथे महाग कशी पडते, ते 2018च्या ‘हिटमॅन 2’मधल्या मुंबईत घडणाऱ्या मोहिमेत दिसतं. झोपडपट्टी, रेल्वे यार्ड, रंगन नावाच्या चित्रपट निर्मात्याचा टॉवर आणि माणसांची अफाट गर्दी. तीन सावजं आहेत, आणि त्यातल्या एकाचा चेहराच कुणाला माहीत नाही. वेष बदलून कुठेही शिरता येतं, पण ज्याचा गणवेश घातला त्याला ओळखणारे काही जण वेष ओळखतात, आणि बंदूक काढली तर टक्कल असलेला आपला नायक फार काळ टिकत नाही. त्याच गर्दीत भाड्याने आणलेला दुसरा एक मारेकरी दबा धरून आहे. जरा डोकं चालवलं, तर दोन सावजं त्याच्याच बंदुकीपुढे आणून उभी करता येतात. मग आपल्याला एक गोळीही झाडावी लागत नाही.