एकच औषध, दोन व्याधी : स्नायुक्षय, डोक्याची दुखापत आणि जनुके

प्रस्तावना :
पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील औषध कारखाना स्थापन झाला. पुढे आकुर्डीपासून चाकणपर्यंत वाहननिर्मितीचे कारखाने उभे राहिले. औषधे आणि दुचाकी या दोहोंचे उत्पादन करणाऱ्या या औद्योगिक पट्ट्यात वैद्यकीय संशोधनातील एक प्रश्न केवळ सैद्धांतिक राहत नाही. एखादे औषध रुग्णाच्या हिताचे आहे, हे कशाच्या आधारे ठरवावे? स्टेरॉइड या औषधवर्गाचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

स्नायुक्षय :
दुशेन स्नायुक्षय हा प्रामुख्याने मुलग्यांना होणारा आनुवंशिक रोग होय. जन्मलेल्या साधारणतः साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकास तो आढळतो. मूल वारंवार पडते, जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकते, पोटऱ्या फुगीर दिसतात. किशोरवयाच्या आसपास चालणे थांबते व पुढे श्वसनाचे स्नायू आणि हृदय दुर्बळ होते. १९८७ मध्ये लुईस कुंकेल व सहकाऱ्यांनी या रोगात अभाव असणारे डिस्ट्रॉफिन हे प्रथिन ओळखले. त्याचे जनुक क्ष गुणसूत्रावर असून ७९ खंडांचे व वीस लाखांहून अधिक आधारक-जोड्यांचे आहे. इतक्या विस्तृत जनुकात खंडलोपाची शक्यता अधिक असते. आई वाहक असल्यास प्रत्येक मुलग्यास रोग होण्याची शक्यता निम्मी असते. मात्र कित्येकदा आई वाहक नसतानाही नवे उत्परिवर्तन घडते. घराण्यातील दोष म्हणून आईला बोल लावण्याची आपल्याकडील रीत त्यामुळे अन्यायकारकच नव्हे, तर अशास्त्रीयही ठरते.

सर्वच स्नायुक्षय या मार्गाने येत नाहीत. मुंबईचे चेतारोगतज्ज्ञ डॉ. सतीश खाडिलकर यांनी अभ्यासलेल्या अगरवाल समाजातील कंबर-खांद्याच्या स्नायुक्षयात कॅल्पेन-३ जनुकातील दोष आई व वडील या दोघांकडूनही यावा लागतो.

१९८९ साली १०३ मुलग्यांवर झालेल्या नियंत्रित चाचणीत प्रेडनिसोन या स्टेरॉइडमुळे स्नायूंचे बळ सहा महिन्यांत वाढल्याचे दिसून आले. वजनवाढ, हाडांची ठिसूळता असे दुष्परिणाम असूनही चालणे काही वर्षे लांबते, म्हणून हे औषध आजही दिले जाते. जनुकोपचारास २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली खरी. परंतु यकृत निकामी होऊन काही रुग्ण दगावल्यानंतर २०२५ मध्ये त्याच्या वापरावर निर्बंध आले.

डोक्याची दुखापत :
मेंदूची सूज उतरावी या हेतूने स्टेरॉइड डोक्याच्या दुखापतीतही अनेक दशके दिले जात होते. तर्क सुसंगत वाटे; पुरावा मात्र अपुरा होता. २००४ मध्ये ‘क्रॅश’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत १०,००८ प्रौढ रुग्णांचा समावेश झाला. दुखापतीपासून आठ तासांच्या आत काहींना मिथाइलप्रेडनिसोलोन, तर काहींना औषधविरहित द्रव देण्यात आला. दोन आठवड्यांत स्टेरॉइड गटातील २१.१ टक्के, तर दुसऱ्या गटातील १७.९ टक्के रुग्ण मृत्यू पावले. म्हणजेच उपचार घेतलेल्या दर शंभरांमागे सुमारे तीन मृत्यू अधिक. वीस हजार रुग्णांचे उद्दिष्ट असलेली ही चाचणी मध्येच थांबविण्यात आली. सद्भावनेने दिलेले औषध जगभर किती जिवांना भोवले असेल, हा विचार अस्वस्थ करणारा आहे.

त्याच मालिकेतील २०१९ च्या चाचणीत रक्तस्राव रोखणारे ट्रॅनेक्झॅमिक आम्ल तपासले गेले. सौम्य व मध्यम दुखापतीत, तीन तासांच्या आत ते दिल्यास डोक्याच्या दुखापतीने होणारे मृत्यू घटले. अतिगंभीर रुग्णांत तसा लाभ स्पष्ट झाला नाही. पुणे-नाशिक महामार्गावर, चाकणच्या वाहतूक कोंडीत पाळी संपवून घरी निघालेल्या दुचाकीस्वाराच्या बाबतीत हे तीन तास फार मोठे नसतात. शिरस्त्राणाचे मोल अर्थातच या सर्व औषधांहून अधिक आहे.

जनुक आणि दुखापत :
समान आघात झालेले दोन रुग्ण सारखेच बरे का होत नाहीत, याचे उत्तर जनुकांत शोधण्याचे प्रयत्न झाले. ग्लासगो येथील ग्रॅहम टीसडेल व सहकाऱ्यांना १९९७ मध्ये ‘एपीओई’ जनुकाचे ई-४ रूप असणाऱ्या ९३ रुग्णांच्या छोट्या गटात परिणाम अधिक वाईट दिसले, असे म्हणण्यापेक्षा, ९३ रुग्णांपैकी ते रूप असणाऱ्यांत तसे दिसले, असे म्हणणे योग्य. २००५ मध्ये त्यांनीच केलेल्या बऱ्याच मोठ्या अभ्यासात एकूण रुग्णांत तो संबंध आढळला नाही; केवळ कमी वयाच्या रुग्णांत त्याच्या खुणा दिसल्या.