चप्पल घालून मशीन लाव!

इलेक्ट्रिकलला अ‍ॅडमिशन घेतली त्या दिवसापासून घरातल्या प्रत्येक बंद पडलेल्या वस्तूची जबाबदारी माझ्यावर आली. एफ.ई.ला आम्हाला ग्राफिक्स आणि केमिस्ट्री शिकवतात, हे आईला काही केल्या पटेना. "इलेक्ट्रिकलची ना तू? मग पंखा बघ." शेजारच्या काकूंचा मिक्सर, आत्याची इस्त्री... सुट्टीत वाईला घरी गेले की माझी ओ.पी.डी. सुरू! हळूहळू थोडं जमायला लागलं. एक दुरुस्ती मात्र अशी केली, की अजून आठवली की पोटात गोळा येतो. ती सांगायचीच आहे, पण आधी सोप्या केसेस.

पंखा नुसता 'हुं' करतो आणि फिरत नाही. किंवा फिरतो, पण पाचवर ठेवला तरी दोनवर ठेवल्यासारखा. दहापैकी आठ वेळा कपॅसिटर गेलेला असतो. सिंगल फेजच्या एका वाइंडिंगने फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होत नाही. म्हणून दुसरं वाइंडिंग असतं आणि त्यातल्या करंटची फेज सरकवायला कपॅसिटर. तो कमकुवत झाला की टॉर्क गेला. काठीने पातं हळूच ढकलून बघा, ज्या दिशेला ढकलाल त्या दिशेला पंखा रडतखडत फिरायला लागेल. व्हायवाला घाम फोडणारी ती डबल फील्ड रिव्हॉल्व्हिंग थिअरी म्हणजे हीच! आमच्या पंख्याच्या कपॅसिटरवर २.५ मायक्रोफॅरड छापलेलं होतं, मीटरवर भरला १.४. त्याच किमतीचा नवीन आणून लावला. नवीन बी.एल.डी.सी. पंख्यांत मात्र हा कपॅसिटर नसतो, तिथे उघडून शोधत बसू नका. आणि स्टुलावर चढण्याआधी मेन स्विच बंद करा. भिंतीवरचं बटण बंद म्हणजे पंख्यात करंट नाही, असं समजू नये. जुन्या वायरिंगमध्ये ते बटण खुशाल न्यूट्रलवर टाकलेलं सापडतं.

मिक्सरचं तर निम्म्या वेळा काही बिघडलेलंच नसतं. डाळ जास्त भरली, ओव्हरलोड पडला. दहा मिनिटं थांबायचं आणि बुडाखालचं लाल बटण दाबायचं. काकूंकडे एवढ्यावर मला पुरणपोळी मिळाली आहे. मोटर फिरते पण भांड्यातलं पातं फिरत नाही, तर वरचा कपलर झिजलाय. मोटर अधूनमधून थांबते आणि जास्तच ठिणग्या दिसतात, तर कार्बन ब्रश बघा.

इस्त्री तापत नसेल तर आधी वायर बघा. मुठीजवळ ती रोज वाकते आणि आतल्या आत तुटते, वरून दिसत नाही. वायर ठीक असेल तर कॉईलचा रेझिस्टन्स मोजा. ७५० वॉटची इस्त्री २३० व्होल्टवर चालते, म्हणजे साधारण ७० ओहम यायला हवेत. तेवढे आले तर कॉईल शाबूत आहे, दोष थर्मोस्टॅटमध्ये किंवा थर्मल फ्यूजमध्ये. इथे बाजारात एक भयंकर पद्धत आहे, थर्मल फ्यूज उडाला की तो काढून तिथे सरळ वायर जोडून देतात. इस्त्री तापते, गिऱ्हाईक खूश! पण फ्यूज का उडाला, हे कुणी बघत नाही. आत्याच्या इस्त्रीत हे सापडलं तेव्हा मी त्या माणसाला मनातल्या मनात खूप शिव्या घातल्या होत्या. स्वतः काय केलंय ते तेव्हा मला माहीत नव्हतं.

आणखी एक गोष्ट आधी सांगते, पुढे लागणार आहे. आपला दहा-वीस रुपयांचा निऑन टेस्टर फक्त इथे व्होल्टेज आहे एवढंच सांगतो. सर्किट पूर्ण आहे की नाही, हे त्याला कळत नाही. प्लगमध्ये टेस्टर पेटतो आणि वस्तू मात्र चालत नाही, तेव्हा न्यूट्रल तुटलेला असू शकतो. त्यात दुसरीकडे एखादा पंखा चालू राहिला असेल तर टेस्टर प्लगच्या दोन्ही भोकांत पेटतो! फेज त्या पंख्यातून होऊन न्यूट्रलच्या वायरवर येऊन बसलेली असते.

आता ती दुरुस्ती.

एस.ई.ला असताना दिवाळीत घरी गेले तर नवीन वॉशिंग मशीन आलं होतं. आई म्हणाली, "मशीन चांगलंय गं, पण ओल्या हाताने पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. चप्पल घालून लावते मी." बाबांचाही सल्ला तोच, चप्पल घालून मशीन लाव. टेस्टर लावला तर पत्र्यावर मंद पेटला. कारण वाचून माहीत होतं. मशीनच्या इलेक्ट्रॉनिक सर्किटमध्ये फिल्टर असतो आणि त्यात फेज ते बॉडी आणि न्यूट्रल ते बॉडी असे दोन छोटे कपॅसिटर असतात. बॉडी अर्थ केलेली नसेल तर ती दोघांच्या मधोमध, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगते. करंट अगदी मिलिअँपिअरच्या आतला, झिणझिण्या येण्यापुरता. हॉस्टेलमध्ये काँप्युटरची कॅबिनेट चावते ती याचमुळे. म्हणजे बॉडीला अर्थ हवा. सॉकेट उघडलं तर अर्थच्या भोकाला वायरच नव्हती. घर जुनं, घरात अर्थिंग नावाचा प्रकारच नाही.

मग मी डोकं चालवलं. न्यूट्रल डी.पी.जवळ अर्थ केलेला असतो, म्हणजे न्यूट्रल आणि अर्थ एकच! सॉकेटच्या आतच न्यूट्रलच्या स्क्रूपासून अर्थच्या स्क्रूला चार इंच वायरचा लूप मारला. झिणझिण्या गायब. टेस्टर विझला. आईने ही बातमी गल्लीभर केली.

टी.ई.ला मशीन्स लॅबमध्ये प्रॅक्टिकल संपल्यावर गप्पा चालल्या होत्या. मी हा पराक्रम ऐटीत सांगितला. आमच्या लॅबमधले मामा वायरी गुंडाळत होते, ते थांबले.

"घर जुनं आहे का गं?"

"हो मामा."

"मीटरखाली किटकॅट किती आहेत? एक का दोन?"

"दोन."

"मग घरी फोन लाव. आत्ता लाव."

जुन्या घरांत फेजला एक आणि न्यूट्रलला एक असे दोन फ्यूज असायचे. समजा न्यूट्रलचा किटकॅट उडाला किंवा ढिला झाला. घरातले दिवे, पंखे सगळं बंद. घरचे म्हणणार, लाइट गेली. पण फेज तर घरात आलेली आहे! पंख्याचं एक बटण चालू राहिलेलं असलं तरी पुरे. फेज त्या पंख्यातून न्यूट्रलवर आणि माझ्या त्या चार इंची लूपमधून थेट मशीनच्या पत्र्यावर. आधी बॉडीवर जे होतं त्यातून एक मिलिअँपिअरही येत नव्हता. आता पंख्यातून ओल्या माणसाला शंभरच्या आसपास मिलिअँपिअर मिळू शकले असते, आणि तीसच्या पुढे जिवाची खात्री नाही. लाइट गेली म्हणून आई मशीनमधले ओले कपडे हाताने काढायला गेली असती, तर? हे डोळ्यासमोर आलं आणि माझे हात गार पडले. फोनवर मी एवढंच ओरडले, "मशीनचा प्लग काढ, आणि मी येईपर्यंत लावू नकोस." आई म्हणाली, "अगं पण भिजवलेत कपडे!"

सरांची सही घेऊन लॅबमधला अर्थ टेस्टर आणि मेगर घेतला आणि शनिवारच्या एस.टी.ने वाई गाठली. आधी तो लूप काढला. मग गावातल्या वायरमन काकांना घेऊन मागच्या अंगणात अडीच मीटर जी.आय. पाइप पुरला, कोळसा आणि मीठ घालून. काकांनी फेज आणि नवीन अर्थ यांच्यामध्ये १०० वॉटचा पिवळा बल्ब लावला. तो लख्ख पेटला. "झालं अर्थिंग," ते म्हणाले. मी अर्थ टेस्टर लावला तर १४ ओहम. वाईट नाही. पण हिशोब करा. फेज बॉडीला पूर्ण चिकटली तरी २३० भागिले १४, म्हणजे साडेसोळा अँपिअरच्या आत. १६ अँपिअरचा एम.सी.बी. यावर पडणारच नाही, आणि बॉडी मात्र करंट घेऊन बसलेली. बल्बला स्वतःचाच रेझिस्टन्स पाचशेच्या वर असतो, त्याला हे १४ ओहम जाणवतही नाहीत. म्हणून ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसवला. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परत येत नाही असं दिसलं की तो पाडतो, अर्थ ठीकठाक असला तरी चालतं. किटकॅटही काढून टाकले. आता न्यूट्रलला फ्यूज नाही.

मशीन लावलं, झिणझिण्या नाहीत. सगळे चहा प्यायला बसलो. बाबांनी आंघोळीसाठी गिझर लावला आणि पाच मिनिटांत खटकन सगळं घर अंधारात. परत लावलं, परत पाच मिनिटांनी खटकन. काका म्हणाले, "तुमचा तो डबाच खराब दिसतोय." मला तसं वाटेना. गिझर गार असताना एलिमेंट आणि बॉडी यांच्यात मल्टिमीटर लावला, काही मेगओहम दाखवले. चांगलंच की! मग मेगर फिरवला, काटा शून्याकडे. मल्टिमीटर दोन-चार व्होल्टवर मोजतो आणि मेगर पाचशेवर, त्यामुळे जे बारीक लीकेज मल्टिमीटरला दिसत नाही ते मेगरला दिसतं. एलिमेंटच्या नळीला बारीक चीर गेली होती आणि आतल्या मॅग्नेशियम ऑक्साइडच्या भुकटीत पाणी शिरलं होतं. नवीन एलिमेंट टाकल्यावर अर्धा तास गिझर चालला, काही पडलं नाही.

हे लीकेज किती दिवस चाललं होतं, सांगता येत नाही. लोखंडी पाइपातून थोडंफार जमिनीत जात असावं. एवढे दिवस आई-बाबा त्याच पाण्याने आंघोळ करत होते आणि मी, घरातली इलेक्ट्रिकल इंजिनिअर, मशीनच्या झिणझिण्या घालवल्याच्या कौतुकात होते.

आईने शांतपणे विचारलं, "मग गेल्या दिवाळीत तू काय दुरुस्त केलं होतंस?"

आर.सी.सी.बी.वर टेस्टचं बटण असतं, ते अधूनमधून दाबून तो पडतो का बघायचा असतो. हे काम आईने स्वतःकडे घेतलंय. दर एक तारखेला ती बटण दाबते, नेमकी बाबांच्या बातम्या चालू असताना. चप्पल मात्र ती अजून घालतेच.