इंग्रजीतील काळ आणि मराठी विद्यार्थी

नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यातील वणी हे सप्तशृंगगडाच्या परिसरातील बाजारपेठेचे गाव. आसपासच्या खेड्यापाड्यांतील मुले शिक्षणासाठी येथे येतात. त्यांपैकी अनेकांची घरची भाषा मराठी आहे. आदिवासी पाड्यांवरील काहींची कोकणा. मराठी माध्यमाच्या शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकविले जाते. तरीही शालान्त परीक्षेच्या उंबरठ्यावर आलेला विद्यार्थी क्रियापदाच्या काळापाशी अडखळतो. तीन काळ आणि प्रत्येकाचे चार प्रकार असा बारा घरांचा तक्ता त्याला मुखोद्गत असतो. पण काल आपण काय केले, हे चार वाक्यांत सांगता येत नाही. हा बुद्धीचा दोष नव्हे. दोन भाषांची काळ मोजण्याची रीत वेगळी आहे, हे त्याला कोणी उलगडून सांगितलेले नसते.

रूप आणि अर्थ

वडिलांनी हाक मारताच मुलगा जागेवरूनच ‘आलो, आलो’ म्हणतो. रूप भूतकाळाचे, पण येणे अजून व्हायचे आहे. निघताना आपण ‘येतो’ म्हणतो आणि ‘उद्या नाशिकला जातो’ या वाक्यात वर्तमानकाळाच्या रूपाने भविष्य सांगतो. मराठी माणसाला यात काहीच खटकत नाही. परंतु ‘आलो’ याचे शब्दशः ‘आय केम’ केले, तर अर्थच बदलतो. तेथे ‘आय ॲम कमिंग’ असेच म्हणावे लागते. म्हणून भाषांतर रूपाचे नव्हे, तर अभिप्रेत वेळेचे करावयाचे, हा पहिला धडा होय.

पूर्ण वर्तमानकाळ

सर्वाधिक चुका येथे होतात. ‘पाहुणे कालच आले आहेत’ हे निर्दोष मराठी वाक्य आहे. इंग्रजीत मात्र ‘दे हॅव कम यस्टरडे’ चालत नाही. इंग्रजीचा पूर्ण वर्तमानकाळ गतक्रियेचा संबंध आजशी जोडतो. काल, गेल्या वर्षी असा सरलेला समय उच्चारला, की साधा भूतकाळच हवा : ‘दे केम यस्टरडे’. याउलट ‘मी पाच वर्षांपासून वणीत राहतो’ येथे मराठीला साधा वर्तमानकाळ पुरतो; इंग्रजीला ‘आय हॅव बीन लिव्हिंग’ असे म्हणावे लागते, कारण क्रिया मागे सुरू होऊन आजही चालू आहे.

हा भेद केवळ गुणांपुरता नाही. दिंडोरी तालुका द्राक्षांसाठी प्रसिद्ध आहे आणि निर्यातीच्या द्राक्षांसाठी बागायतदाराला फवारणीच्या नोंदी ठेवाव्या लागतात. ‘फवारणी झाली आहे’, ‘दहा तारखेला फवारणी केली’ आणि ‘फवारणी चालू आहे’ ही तीन वेगळी विधाने आहेत. उद्या हीच माहिती इंग्रजीत द्यावयाची झाल्यास काळाची चूक व्यवहाराची चूक ठरू शकेल.

मराठीची शिदोरी

गेलो, गेलास, गेला, गेली, गेले, गेल्या अशी रूपे लीलया वापरणाऱ्या मुलाला इंग्रजीत या सर्वांसाठी एकच ‘वेंट’ पुरतो. ‘मुलाने आंबा खाल्ला, पोळी खाल्ली’ येथे मराठी क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. इंग्रजीत दोन्हीकडे ‘एट’ कायम. ‘आजोबा पायी गडावर जात असत’ हा रीतिभूतकाळ त्याला ठाऊक असतो. त्याचेच इंग्रजी रूप ‘यूज्ड टू गो’. ज्याला अवघड मराठी क्रियापद साधले आहे, त्याने इंग्रजीला भिण्याचे कारण नाही.

मातृभाषेच्या आधारे इंग्रजी शिकण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. पुढे द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. आज भाषांतरापेक्षा संभाषणावर भर असला, तरी दोन भाषांच्या तुलनेचे महत्त्व उणावलेले नाही.

काय करता येईल?

शिक्षकांनी बारा घरांचा तक्ता शेवटी द्यावा. आरंभी विद्यार्थ्याला तीन प्रश्न विचारण्याची सवय लावावी : काम केव्हाचे? ते संपले की चालू आहे? वेळ नेमकी सांगितली आहे काय? रोज फळ्यावर काल, आज आणि उद्या यांविषयी एकेक वाक्य मुलांकडून लिहून घ्यावे. कोकणा बोलणाऱ्या मुलाला तीच गोष्ट आधी त्याच्या बोलीत सांगू द्यावी. चुकलेल्या वाक्यावर केवळ लाल रेघ न ओढता त्यामागचा मराठी विचार शोधावा; चूक तेथूनच सुधारते.

पंचायत सदस्य व शाळा व्यवस्थापन समित्यांनी शाळेच्या वाचनालयात सोपी इंग्रजी गोष्टींची पुस्तके उपलब्ध करून द्यावीत; कारण गोष्टीत काळ आपोआप कळतो. इंग्रजीच्या धास्तीने एखाद्या मुलीने वा मुलाने शिक्षण सोडणे ही गावाची हानी आहे. ती टाळण्यासाठी लागणारी पहिली सामग्री मुलांच्या तोंडी आधीच आहे : त्यांची स्वतःची भाषा.