‘क्वाइट गुड’ म्हणजे नेमकं किती चांगलं?

कौतुकाचे इंग्रजी शब्द सगळे सारखेच, कुठलाही वापरला तरी चालतो, असा आपल्याकडे पक्का समज आहे. शब्दकोशात सगळ्यांपुढे ‘स्तुत्य’, ‘प्रशंसनीय’ लिहिलेलं असतं, त्यामुळे तो वाढतो.

सगळ्यात फसवा शब्द ‘क्वाइट’. तो जोर वाढवतो, असं आपण धरून चालतो. अमेरिकेत ते खरं आहे. तिथे ‘क्वाइट गुड’ म्हणजे खरोखर उत्तम. ब्रिटनमध्ये मात्र त्याचा अर्थ बहुधा ‘बरं आहे’ एवढाच. बोलताना आघात ‘क्वाइट’वर पडला, तर कौतुक आणखी खाली घसरतं. तोच ब्रिटिश माणूस ‘क्वाइट ब्रिलियंट’ म्हणाला, तर ती पुरेपूर दाद. चांगलेपणात कमी-जास्त असू शकतं, पण ‘ब्रिलियंट’ मुळातच टोकाचा शब्द. त्याच्याआधी ‘क्वाइट’ म्हणजे ‘अगदी’. तेव्हा लंडनला जाणाऱ्या शिफारसपत्रात ‘क्वाइट गुड स्टुडंट’ लिहिणारे प्राध्यापक नकळत विद्यार्थ्याचं नुकसानच करतात.

‘फुलसम प्रेझ’ म्हणजे भरभरून स्तुती, हा समज अर्धाच चुकीचा आहे. मध्ययुगीन इंग्रजीत ‘फुलसम’चा अर्थ विपुल असाच होता. पुढे तो बिघडला आणि अतिरेकी, किळस यावी अशा खुशामतीला हा शब्द चिकटला. अलीकडे जुना अर्थ परतलाय, कोशही त्याची नोंद घेतात. म्हणजे वाचणारा यातून काय घेईल, याचा भरवसा नाही. मानपत्रात तरी तो टाळलेलाच बरा.

‘लॉडेबल’ आणि ‘लॉडेटरी’ यांतला फरक सोपा: काम लॉडेबल, त्याची वाहवा करणारं भाषण लॉडेटरी. ‘कॉम्प्लिमेंटरी’ नाश्ता फुकट असतो. मधलं अक्षर बदलून ‘कॉम्प्लिमेंटरी’चं दुसरं स्पेलिंग लिहिलं, की तो ‘पूरक’ होतो. हॉटेलांच्या पाट्यांवर असे पूरक नाश्ते पुष्कळ मिळतात.

शौर्याची वाखाणणी करणारा ‘करेजस’ तरी निर्धोक असेल? बीबीसीवर १९८० साली सुरू झालेल्या ‘येस मिनिस्टर’ या विनोदी मालिकेत मंत्री जिम हॅकर याच शब्दाला घाबरतो. सरकारी बोलीत ‘कॉन्ट्रोव्हर्शियल’ निर्णयाने मतं जातात, ‘करेजस’ निर्णयाने निवडणूकच जाते.