सुरत : दुकान पाडायचे, तर विचारायचे कोणाला?

सुरतच्या रिंग रोडवर कापडाची मार्केटे दाटीवाटीने उभी आहेत. १९७३ चा गुजरातचा फ्लॅट-मालकी कायदा दुकाने आणि गोदामांनाही लागू आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर, बांधकाम परवानगीला २५ वर्षे झालेल्या इमारतीच्या पुनर्विकासासाठी ७५ टक्के मालकांची संमती पुरते.

या मोजणीत भाडेकरू व्यापारी नाहीत. कापडाचे गठ्ठे पाठीवरून वाहणारे हमालही नाहीत. ही उणीव मोठी आहे.

परिसराची नगररचना योजना होते, तेव्हा म्हणणे मांडण्याचे दार या संमतीपेक्षा रुंद असते. गुजरातच्या १९७६ च्या नगररचना कायद्यानुसार मसुदा जाहीर झाल्यापासून महिन्याभरात योजनेची झळ बसणारा कोणीही लेखी हरकत नोंदवू शकतो. उधना-लिंबायतच्या खानदेशी कामगारांसाठी मसुद्याची सूचना मराठीतही लागायला हवी.