रचणारा एक, वाजवणारा दुसरा

२००४ च्या नाताळात अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, सिनसिनाटीजवळच्या मेसन इथल्या एका घरावरचे सुमारे १६,००० दिवे वाद्यसंगीताच्या ठेक्यावर उघडझाप करू लागले. घर कार्सन विल्यम्स या इलेक्ट्रिकल इंजिनियरचं होतं आणि धून ट्रान्स-सायबेरियन ऑर्केस्ट्राची, ‘विझर्ड्स इन विंटर’. शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून विल्यम्स यांनी अंगणात स्पीकर लावले नाहीत. एका छोट्या एफएम ट्रान्समीटरवरून संगीत सोडलं. रस्त्यावर गाडी थांबवायची, रेडिओ त्या स्टेशनवर लावायचा आणि काचेतून घराकडे बघत बसायचं. पुढच्या वर्षी या घराचा व्हिडिओ इंटरनेटवर वणव्यासारखा पसरला आणि एका बिअर कंपनीने तो जाहिरातीतही वापरला. गर्दी इतकी वाढली की २००५ च्या डिसेंबरात जवळच झालेल्या एका अपघाताच्या जागी पोचताना पोलीस वाहनांच्या रांगेत अडकले. विल्यम्स यांनी खेळ बंद केला.

त्यांचा बंद झाला, पण गावोगावचे सुरू झाले. २०१३ पासून एबीसी वाहिनीवर ‘द ग्रेट ख्रिसमस लाइट फाइट’ ही अशा घरांची स्पर्धाच दाखवली जाते. आज अमेरिकेच्या उपनगरांत नाताळच्या दिव्यांना गाण्यावर नाचवणं हा वर्षभर पुरणारा छंद आहे आणि त्यात नव्याने पडणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: यासाठी कॉम्प्युटर कोणता घेऊ?

या छंदात मुरलेली माणसं यावर मॉडेलचं नाव सांगत नाहीत. ती आधी विचारतात, ‘कशासाठी? शो रचायला की वाजवायला?’

विल्यम्स यांच्या काळात हा फरक फारसा जाणवत नसे. त्यांचे १६,००० दिवे ८८ चॅनेलमध्ये वाटलेले होते. चॅनेल म्हणजे एकत्र लागणारा आणि एकत्र मंद होणारा दिव्यांचा गट. खिडकीची चौकट एक चॅनेल, पन्हळीवरची माळ दुसरा. न्यूयॉर्क राज्यातल्या लाइट-ओ-रामा कंपनीच्या पेट्या हे काम करत. एका पेटीत साधारण १६ चॅनेल असतात आणि प्रत्येक चॅनेलचा प्रवाह इलेक्ट्रॉनिक स्विचने कमी-जास्त होतो. कॉम्प्युटरने एका वायरवरून ‘१२ नंबर अर्धा उजळ, ४० नंबर बंद’ एवढंच सांगायचं. हे काम कपाटात धूळ खात पडलेला जुना डेस्कटॉपही करू शके, आणि बहुतेक घरांत तोच करत असे.

गणित बदललं ते पिक्सेलमुळे. डब्ल्यूएस२८११ नावाची इवलीशी चिप दिव्यात बसली आणि माळेतला प्रत्येक दिवा स्वतंत्रपणे रंगवता येऊ लागला. एका दिव्याला लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनेल लागतात. अंगणात हमखास दिसणारी ‘मेगाट्री’ घ्या. खांबावरून तिरप्या सोडलेल्या १६ माळा, प्रत्येकीत ५० दिवे, म्हणजे ८०० पिक्सेल आणि २,४०० चॅनेल. विल्यम्स यांच्या अख्ख्या घराच्या सत्तावीसपट चॅनेल एका झाडात आले.

तीन मिनिटांचं गाणं धरू. दिव्यांचं चित्र सेकंदाला ४० वेळा बदलायचं तर ७,२०० चौकटी होतात. ८८ चॅनेलना त्यासाठी ६,३३,६०० आकडे पुरतात. १०,००० पिक्सेलचं घर असेल, आणि आता ते काही विशेष मोठं मानलं जात नाही, तर आकडे होतात २१ कोटी ६० लाख. हे सगळे आकडे कुणीतरी तयार करायचे आणि मग ते ठरल्या क्षणी दिव्यांपर्यंत पोचवायचे. पहिल्या कामाला ताकद लागते, दुसऱ्याला शिस्त.

पहिलं काम म्हणजे ‘सिक्वेन्सिंग’. त्यासाठी एक्सलाइट्स हे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर आज खूप वापरलं जातं. आपल्या घराचा फोटो पडद्यावर घ्यायचा, त्यावर कुठे कमान, कुठे झाड, कुठे खिडकी ते आखायचं. मग गाणं ऐकत ठेक्याच्या खुणा करायच्या आणि त्या खुणांमध्ये परिणाम बसवायचे. इथे लाट, तिथे ठिणग्या, समेवर सगळं पांढरं. एका गाण्यावर कित्येक संध्याकाळी जातात.

त्यातलं सर्वांत किचकट काम गाणाऱ्या चेहऱ्यांचं. दिव्यांनी काढलेला चेहरा शब्दागणिक ओठ हलवतो, म्हणून बघणारी मुलं त्याच्यावर खूश असतात. पण त्याचं तोंड हलवायला आधी गाण्याची ओळ, मग ओळीतले शब्द, मग शब्दातले ध्वनी अशा तीन पदरांत खुणा कराव्या लागतात. ध्वनींसाठी तोंडाचे दहा आकार ठरलेले आहेत. म, ब, प या तिघांना मिटलेल्या ओठांचा एकच आकार, ‘ओ’ला गोल, ‘फ’ आणि ‘व’ला खालचा ओठ दाताखाली, आणि गाणारा श्वास घेतो तेव्हाचा विश्रांतीचा. शब्दाची खूण अंमळ पुढे-मागे झाली तरी चेहरा दुसऱ्याच्या आवाजावर नुसते ओठ हलवतोय हे लगेच कळतं. त्यामुळे रचणारा माणूस दोन-दोन सेकंदांचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवतो, खूण केसभर सरकवतो आणि पुन्हा वाजवतो.

अशा कामाला मोठा पडदा पैसे वसूल करून देतो. दोन असले तर आणखी बरं. एकावर कालरेषा, दुसऱ्यावर घर. प्रत्येक बदलानंतर सॉफ्टवेअर सगळे आकडे नव्याने काढतं. याला ‘रेंडर’ म्हणतात आणि ते काम प्रोसेसरच्या अनेक गाभ्यांमध्ये (कोअरमध्ये) वाटून घेतलं जातं. म्हणून जास्त गाभ्यांचा प्रोसेसर इथे कारणी लागतो. मेमरी १६ जीबीपासून सुरू करावी, घर मोठं होणार असेल तर ३२. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी हवी. ग्राफिक्स कार्डाचं काम घराचं पूर्वदृश्य सुरळीत दाखवण्याचं आणि ‘शेडर’ नावाचे गणिती परिणाम काढण्याचं. तेवढ्यासाठी मध्यम प्रतीचं कार्ड पुरतं. गेमिंगच्या महागड्या कार्डाचे पैसे इथे बहुधा वाया जातात.

मात्र मशीनआधी सॉफ्टवेअर ठरवायला हवं. लाइट-ओ-रामाचा स्वतःचा सिक्वेन्सर आणि व्हिक्सन हे दुसरं मोफत सॉफ्टवेअर, दोन्ही विंडोजवरच चालतात. एक्सलाइट्स विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. घरात मॅक असेल आणि आधी व्हिक्सन शिकायला घेतलं, तर दुसरा कॉम्प्युटर विकत घ्यायची वेळ येते.

आता वाजवण्याचा भाग. एवढा ताकदवान कॉम्प्युटर घरात असताना शोसुद्धा त्यावरच का चालवू नये? चालवतात की. पण डिसेंबरभर रोज संध्याकाळी तो कॉम्प्युटर दुसऱ्या कुठल्याही कामाला वापरता येणार नाही असा अडकून पडतो. त्यातून विंडोज ऐन गर्दीत अपडेटसाठी रीस्टार्ट होतं. वीज वाचवण्यासाठी ते यूएसबीचं तोंड झोपवतं आणि त्या तोंडाला जोडलेले दिवे जागच्या जागी गोठतात. ईमेल आल्याची ‘टिंग’ एफएमवरून थेट रस्त्यावरच्या गाड्यांमध्ये ऐकू जाते. यातली प्रत्येक गोष्ट सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते. पण एक विसरली तरी ती नेमकी रात्री आठ वाजता आठवण करून देते.

खरं कारण त्याहून खोल आहे आणि ते दिव्यातल्या त्या चिपमध्ये आहे. डब्ल्यूएस२८११ च्या माळेत माहितीची एकच वायर असते. प्रत्येक दिवा तीवरून आलेले पहिले २४ बिट स्वतःसाठी ठेवतो आणि उरलेले पुढे सोडतो. पंगतीत पेढ्यांचं ताट सरकावं तसं, आपला घ्यायचा आणि ताट शेजाऱ्याकडे. एका बिटाला सव्वा मायक्रोसेकंद मिळतो. शून्य आणि एक यांतला फरक स्पंद किती वेळ टिकला एवढ्यावरच ठरतो. मध्येच वायर थोडा वेळ गप्प झाली तर माळ समजते की माहिती संपली, आणि हाताशी आहे तेवढ्यावरच दिवे लावून मोकळी होते.

विंडोज काय किंवा साधं लिनक्स काय, एकाच वेळी शंभर कामं सांभाळत असतं. मायक्रोसेकंदांचा ठेका न चुकवण्याची हमी ते देऊ शकत नाही. म्हणून मोठा कॉम्प्युटर माळेशी थेट बोलतच नाही. मध्ये कंट्रोलर बसतो. फाल्कन कंपनीचा एफ१६ हा त्यातला प्रसिद्ध, सोळा माळा सांभाळणारा. दुसरी वाट बीगलबोन ब्लॅक या छोट्या बोर्डाची. २०१३ साली आलेल्या या बोर्डावर मुख्य प्रोसेसरशेजारी २०० मेगाहर्ट्झवर चालणारे दोन चिमुकले स्वतंत्र प्रोसेसर आहेत. त्यांच्यावर ऑपरेटिंग सिस्टीमची सत्ता चालत नाही. त्यांना ठेका धरायला सांगितलं की ते तेवढंच करत राहतात.

या चिपमुळे माळेच्या लांबीवरही मर्यादा येते. एका दिव्याचे २४ बिट म्हणजे ३० मायक्रोसेकंद. आठशे पिक्सेलची मेगाट्री एकाच वायरवर चालवली तर एक चौकट पाठवायला २४ मिलिसेकंद लागतात आणि सेकंदाला ४० चौकटी हव्यात तर हाती असतात २५. जेमतेम बसतं. एवढ्या लांब माळेच्या शेवटापर्यंत व्होल्टेजही टिकत नाही आणि पांढरा रंग तांबूस दिसू लागतो. म्हणून झाड चार-पाच वायरींवर वाटून घेण्याची पद्धत आहे.

कंट्रोलरने शिस्तीचा भाग उचलल्यावर वाजवणाऱ्या कॉम्प्युटरकडे फारच थोडं काम उरतं. तयार फाइल वाचायची, गाणं वाजवायचं आणि गाणं जिथे असेल तिथली चौकट नेटवर्कवरून पाठवायची. रास्पबेरी पाय त्याला पुरून उरतो. २०१२ साली ३५ डॉलरला आलेला हा पत्त्यांच्या कॅटएवढा बोर्ड, त्यावर फाल्कन प्लेअर हे मोफत सॉफ्टवेअर, की झाला ‘शो कॉम्प्युटर’. त्याला पडदा लागत नाही आणि कीबोर्डही. सोफ्यावर बसून मोबाइलच्या ब्राउझरमधून वेळापत्रक लावता येतं: रोज सहाला सुरू, दहाला बंद, शनिवारी अकराला.

पायचेही नखरे आहेत. जुन्या मॉडेलच्या हेडफोनच्या तोंडातून येणारा आवाज खरखरीत असतो आणि पाय ५ ला तर ते तोंडच नाही. म्हणून दोन्हींना यूएसबी साउंड कार्ड जोडतात. पाय ४ पर्यंतच्या बोर्डांना स्वतःचं बॅटरीवरचं घड्याळ नाही. वीज जाऊन आली आणि इंटरनेट आलं नाही, तर त्याला किती वाजले तेच ठाऊक नसतं आणि सहाचा शो भलत्याच वेळी लागतो. घड्याळाचा छोटा मॉड्यूल लावला की ही डोकेदुखी जाते. मेमरी कार्ड मात्र चांगल्या कंपनीचं घ्यावं आणि त्याची एक तयार नक्कल ड्रॉवरमध्ये ठेवावी.

नेटवर्कच्या बाबतीत वायफायचा मोह टाळलेला बरा. १०,००० पिक्सेलची माहिती सेकंदाला साधारण १२ मेगाबिट होते. १०० मेगाबिटच्या साध्या केबलला हे काहीच नाही. पण या क्षेत्रातला ई१.३१ हा प्रोटोकॉल माहितीचं हरवलेलं पाकीट पुन्हा मागत नाही, कारण ते परत येईपर्यंत ती चौकट शिळी झालेली असते. केबलवर पाकिटं सहसा हरवत नाहीत. रस्त्यावर दोनशे फोन वायफाय शोधत उभे असताना हवेतून मात्र हरवतात, आणि कमानीवरची लाट मध्येच अडखळते.

एफएमलाही कायद्याची चौकट आहे. अमेरिकेत विनापरवाना एफएम लहरींची तीव्रता तीन मीटरवर २५० मायक्रोव्होल्ट प्रति मीटरपेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे अंगणापासून समोरच्या रस्त्यापर्यंत, सुमारे दोनशे फूट. शोला तेवढं पुरतं.

महाराष्ट्रात गणेशोत्सवात मंडपाच्या दारावर झळकणारे पिक्सेल एलईडीचे फलक याच कुळातले. चिप अनेकदा तीच किंवा तिची भावंडं. लायटिंगवाला दुकानातल्या विंडोज कॉम्प्युटरवर एलईडी-एडिट या सॉफ्टवेअरमध्ये नक्षी रचतो, ती मेमरी कार्डावर भरतो आणि कार्ड टी-१०००एससारख्या डबीत खोचतो. दोन हजारांच्या आसपास पिक्सेल सांभाळणारी ही डबी पुढचे दहा दिवस एकटीच काम करते. रचणारा आणि वाजवणारा वेगळा, ही वाटणी इथे कुणी न शिकवता झालेली आहे. फरक एवढाच की डबीला गाणं ठाऊक नाही. ती आपल्या घड्याळाने नक्षी फिरवत राहते आणि शेजारी ढोल वाजो वा आरती, तिला त्याचा पत्ता नसतो. फाल्कन प्लेअर मात्र दर क्षणी गाणं कुठे पोचलंय ते बघून चौकट निवडतो.

शेवटी पैशांचा हिशेब. घरात चार-पाच वर्षांपूर्वीचा बरा लॅपटॉप असेल तर नव्याने या छंदात येणाऱ्याने पहिल्या वर्षी नवा कॉम्प्युटर घेऊच नये. रेंडरला थोडा जास्त वेळ लागेल, तेवढ्यात चहा होतो. खर्च करायचा तो पाय, साउंड कार्ड, कंट्रोलर आणि चांगल्या पॉवर सप्लायवर. पिक्सेल दहा हजारांच्या पुढे गेले आणि रेंडरची वाट बघून जीव कंटाळला की मग नव्या प्रोसेसरचा विचार करावा. आणि दिवे छतावर चढण्याआधी, ऑक्टोबरातच, सगळी मांडणी टेबलावर जोडून एक परीक्षा घ्यावी. शो चालू असताना शो कॉम्प्युटरचा प्लग ओढून काढायचा, मिनिटभराने पुन्हा लावायचा आणि काहीही न दाबता थांबायचं. शो आपला आपण ठरलेल्या गाण्याने, ठरलेल्या आवाजात पुन्हा सुरू झाला तरच शिडी बाहेर काढायची.